सीडर पॉइंटच्या अधिवेशनात काय घडले

सेवाभावी संघटनांच्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनांबद्दल आपल्याकडे एक तक्रार कायम ऐकू येते: कोटावरचे बिल्ले, ध्वजांची मिरवणूक, मेजवान्या आणि त्या निमित्ताने परदेशवारी. तेवढ्या विमानभाड्यात गावातल्या किती म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू काढून झाले असते, हा पुढचा सवाल. सवाल रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. पण लायन्स मंडळींनी मोतीबिंदूचेच काम का धरले, याचा माग काढत गेलो की वाट एका अधिवेशनाच्याच दारात जाऊन पोचते. शिबिराचा खर्च आणि अधिवेशनाचा खर्च असा सरळ ताळा मांडणारे हा धागा विसरतात.

शिकागोचे विमा व्यावसायिक मेल्विन जोन्स यांनी जून 1917 मध्ये निरनिराळ्या व्यापारी मंडळांना एकत्र बोलावले, आणि त्यातून लायन्स संघटना उभी राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात डॅलसला पहिले अधिवेशन भरले. 1920 मध्ये कॅनडातल्या विंडसरला क्लब निघाला आणि संघटना आंतरराष्ट्रीय झाली. क्लब वाढत होते, पण प्रत्येक क्लब आपापल्या गावाला सुचेल ते काम करी. सगळ्यांना बांधणारे एक काम असे नव्हते. 30 जून 1925 रोजी ओहायोत, ईरी सरोवरात घुसलेल्या सीडर पॉइंट नावाच्या चिंचोळ्या भूभागावर, अधिवेशनापुढे अंध आणि बधिर असलेल्या लेखिका हेलन केलर उभ्या राहिल्या. हे ठिकाण उन्हाळी करमणुकीचे, म्हणजे टीकाकारांना हवे तसेच. केलर यांना तीनच दिवसांपूर्वी पंचेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती. ज्या अंधकल्याण प्रतिष्ठानासाठी त्या बोलायला आल्या, ते जेमतेम चार वर्षांचे होते आणि त्याला पैसा हवा होता. आधी त्यांच्या शिक्षिका ॲन सलिव्हन बोलल्या, मग केलर. संधी प्रत्येकाचे दार एकदाच ठोठावते अशी एक कथा सांगून, ती संधी म्हणजे मीच, मला पदरात घ्या, असे त्यांनी विनवले. टाळता येण्याजोगे अंधत्व कोणाच्याही वाट्याला येऊ नये, एकही मूकबधिर-अंध मूल शिक्षणावाचून राहू नये, एकही अंध माणूस निराधार राहू नये, आणि हा लढा तुम्ही अंधांचे शिलेदार होऊन लढावा, असे त्यांचे मागणे होते. अधिवेशनाने ते मान्य केले. हेच मागणे पत्राने एकेका क्लबाला गेले असते तर देणग्या आल्या असत्या, तेही थोडे नव्हे. पण साऱ्या संघटनेचे ब्रीद बदलायचे तर सगळे प्रतिनिधी एका छपराखाली असण्याला पर्याय नव्हता.

पांढऱ्या काठीची हकिगत याहून बोलकी आहे. ब्रिस्टलचे छायाचित्रकार जेम्स बिग्ज यांची दृष्टी अपघातात गेली. वाहनचालकांना आपण दिसावे म्हणून त्यांनी 1921 मध्ये स्वतःची काठी पांढरी रंगवली. युक्ती अचूक होती, पण पुढची कित्येक वर्षे ती रस्तोरस्ती दिसली नाही. 1930 मध्ये इलिनॉयमधल्या पिओरियाच्या लायन्स क्लबाचे अध्यक्ष जॉर्ज बोनहॅम यांनी एका अंध माणसाला रहदारीत रस्ता ओलांडताना पाहिले. त्याची काळी काठी काळ्या रस्त्यावर चालकांना दिसतच नव्हती. क्लबाने काठ्या पांढऱ्या रंगवून वर लाल पट्टा ओढला, आणि अशी काठी हाती असलेल्याला आधी जाऊ द्यावे असा नियम शहराने केला. पुढच्याच वर्षी टोरांटोच्या अधिवेशनात हा प्रयोग प्रतिनिधींपुढे मांडला गेला आणि ते तो गावोगाव घेऊन गेले. यावर कोणी म्हणेल, पॅरिसमध्ये 1931 मध्येच गिली देर्बमाँ या बाईंनी कोणत्याही अधिवेशनावाचून पांढऱ्या काठ्या वाटल्या. खरे आहे, पण त्यांच्या पाठीशी एक मोठे दैनिक होते. कल्पना पसरायला वाहक लागतो. बिग्ज यांना तो मिळाला नव्हता.

आता खर्चाचा सवाल. लायन्ससारख्याच रोटरी या सेवाभावी संघटनेच्या 1917 च्या अटलांटा अधिवेशनात अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी सत्कार्यासाठी कायमचा निधी उभारावा अशी सूचना मांडली. त्या निधीत पडलेली पहिली रक्कम होती 26 डॉलर 50 सेंट, आणि ती कॅन्सस सिटीच्या अधिवेशनाच्या खर्चातून उरलेली होती. पुढे 1988 च्या फिलाडेल्फिया अधिवेशनात पोलिओ निर्मूलनासाठी 24 कोटी 70 लाख डॉलर जमल्याचे जाहीर झाले; उद्दिष्ट 12 कोटींचे होते. ही रक्कम क्लबांनी आपापल्या गावी जमवली, हे मान्य. पण गावच्या गरजेत न बसणारे, साऱ्या जगाचे उद्दिष्ट गावच्या क्लबाने अंगावर घ्यावे, ही सवय अधिवेशनांनीच लावली. मुंबईत 1956 मध्ये भारतातला पहिला लायन्स क्लब निघाला, तेव्हा डोळ्यांचे काम त्याला वारशातच मिळाले. आज तालुक्याच्या गावी नेत्रशिबिराचा फलक लागतो, तो त्याच वारशाचा.

सर्वांत जड आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि तो मला खोडता येत नाही. ज्या संघटनेला तिचे ब्रीद एका स्त्रीने दिले, तिने स्त्रियांना सभासदत्व द्यायला बासष्ट वर्षे लावली. रोटरीची कथाही तीच. कॅलिफोर्नियातल्या दुआर्टेच्या क्लबाने 1977 मध्ये तीन स्त्रियांना सभासद केले, तेव्हा त्याची सनद काढून घेण्यात आली. क्लबाने आंतरराष्ट्रीय अधिवेशनाकडे दाद मागितली आणि तिथेही तो हरला. न्याय मिळाला तो 4 मे 1987 रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात. लायन्सनी त्याच वर्षी तैपेईच्या अधिवेशनात दार उघडले, पण निकालानंतर. कष्ट आणि पैसा मागणारी हाक अधिवेशन चटकन ऐकते. आपल्यात कोणी बसावे, हा प्रश्न आला की तिथे जमलेल्यांचा कल आहे तेच टिकवण्याकडे असतो, कारण मत देणारे सगळे आधीच आत असतात. सीडर पॉइंटच्या त्या व्यासपीठावरून बोलणाऱ्या दोघीही बाहेरच्या होत्या.