आडनाव नवं, माणसं जुनी

मंडळी, गेले चार महिने मी बातम्यांपेक्षा स्वतःच्या पणजोबांच्या मागे जास्त फिरलोय.

कारण घरचंच. पुतणीचा जात पडताळणीचा अर्ज अडकला. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. तो मूळ गावातल्या भावकीकडे आहे. पण त्यांचं आडनाव वेगळं, आमचं वेगळं. मग नातं सिद्ध करायचं कसं?

आपल्याला वाटतं, आडनाव म्हणजे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. इतिहास तसं सांगत नाही. नाना फडणवीसांचं आडनाव भानू, फडणवीस हा हुद्दा. पेशवे मूळचे श्रीवर्धनचे भट. होळकर हे होळ गावावरून. बाबासाहेबांचं घराणं सकपाळ, गाव आंबडवे. आंबेडकर हे नाव शाळेत लागलं. पाटील, देशमुख ही तर वतनं, म्हणून ती कितीतरी जातीधर्मांत सापडतात. नुसत्या आडनावावरून माणसाची जात ओळखणारे म्हणूनच हमखास फसतात.

आमचंही तसंच झालं. ऐंशी ओलांडलेली आत्या म्हणाली, "अरे, आपण इथले नव्हंच. आजोबा पोटासाठी इकडं आले. मास्तरांनी दादाला विचारलं, कुठला रे तू? त्यानं गाव सांगितलं, मास्तरांनी त्याला 'कर' लावला. झालं आडनाव!"

मग तिच्याकडून चार पिढ्यांची नावं लिहून घेतली आणि मूळ गावचं कोतवाल बुक शोधलं. जन्म-मृत्यूच्या नोंदी, सगळ्या मोडीत. आडनाव कुठंच नाही. अमुक बिन तमुक, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, पुढं जात. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी भेटले. आत्यानं सांगितलेली नावं त्याच क्रमानं निघाली तेव्हा अंगावर काटा आला.

पण पुढचं ऐका. आमची नोंद ज्या पानावर होती, त्यानंतरची पानं वाळवीनं खाल्लेली. म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी पणजोबा तिथं कायमचे गेले. त्यांच्या नातवंडांनी काय दाखवायचं?

2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किंमत सगळ्यांना कळली. आरक्षणावर तुमचं मत काहीही असो, ही दप्तरं सगळ्यांची आहेत. ग्रामसभेत विचारा, आपल्या गावची जुनी बुकं कुठं आहेत, स्कॅन झालीत का.

आणि आज संध्याकाळी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. बायकांचीही नावं विचारा, माहेरच्या गावासकट. आमच्या वंशावळीत एकाही बाईचं नाव नव्हतं, आणि चार पिढ्या तोंडपाठ होत्या त्या आत्यालाच.

तुमच्या आडनावाची गोष्ट काय? कमेंटमध्ये लिहा.