व्यावसायिक पेढीचे संपादन

चार्टर्ड अकाउंटंट, वास्तुविशारद, करसल्लागार अशा व्यावसायिकाची चालू पेढी विकत घेणे आणि तिला एकेक पेढी जोडत व्यवसाय वाढवणे. कारखाना घेणाऱ्याला जमीन, यंत्रे, मालाचा साठा मिळतो. इथे खुर्च्या-संगणक वजा केले की उरते ती ख्याती, म्हणजे व्यवहारातले गुडविल. क्रटवेल विरुद्ध लाय (1810) या इंग्लंडमधील खटल्यात लॉर्ड एल्डन यांनी ख्यातीचा अर्थ जुने गिऱ्हाईक जुन्या जागी येत राहण्याची शक्यता असा लावला. दुकानाला तो चपखल बसतो. सीएचा क्लायंट मात्र जागा पाहून येत नाही, माणूस पाहून येतो. म्हणून अशा व्यवहारात मोल आहे ते विकणारा जुने संबंध नव्या हाती किती मनापासून सोपवतो याला, आणि किंमत, हप्ते, पुढच्या खरेदीचा वेग हे सारे त्यावरूनच ठरले पाहिजे.

कायद्याची चौकट हीच मर्यादा दाखवते. भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 च्या कलम 55 नुसार पेढी विसर्जित झाल्यावर ख्याती विकली गेली, तर भागीदाराला स्पर्धेचा धंदा करता येतो. पण करारात वेगळे ठरलेले नसेल तर जुने नाव वापरता येत नाही की जुन्या गिऱ्हाइकांना बोलावता येत नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सने ट्रेगो विरुद्ध हंट (1896) मध्येही गिऱ्हाइके अशी ओढण्यास मनाई केली होती. करार अधिनियम, 1872 चे कलम 27 व्यवसायबंदीचे करार रद्द ठरवते, पण ख्यातीच्या विक्रीत वाजवी बंधनाला मुभा देते. या संरक्षणाच्या भरवशावर सगळी रक्कम आगाऊ मोजणे चूक आहे, कारण बंधन विकणाऱ्यावर पडते, क्लायंटवर नाही. कंपनीच्या ऑडिटरची नेमणूक तर कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 139 प्रमाणे भागधारकांच्या वार्षिक सभेत होते. ती खरेदीच्या करारात लिहून घेता येत नाही.

किंमत बहुधा दरवर्षी येणाऱ्या फीच्या पटीत ठरते. उदाहरणादाखल, फी 40 लाख, खर्च 26 लाख, म्हणजे नफा 14 लाख असलेली पेढी 40 लाखांना घेतली, तर पैसे सुमारे तीन वर्षांत वसूल होतात. त्यातले 30 टक्के काम गेले की फी 28 लाखांवर येते; भाडे आणि पगार लगेच कमी होत नाहीत, म्हणून नफा उरतो 2 लाख आणि वसुलीला लागतात वीस वर्षे. गळती तिसऱ्या हिश्शाहून कमी, नफ्यातली घट मात्र सहा-सप्तमांश. यासाठीच रकमेचा मोठा भाग प्रत्यक्ष वसूल झालेल्या फीशी बांधून दोन-तीन वर्षांत द्यावा. विकणाऱ्याला हे जाचक वाटते, आणि त्याची तक्रार अगदीच निराधार नाही: खरेदीदाराच्या ढिलाईने क्लायंट गेले तर भुर्दंड त्याला का? म्हणून फी वाढवणे किंवा माणसे काढणे अशा, गळतीला कारण ठरणाऱ्या निर्णयांची जबाबदारी करारात खरेदीदारावर टाकणे न्याय्य ठरते.

मोठ्या पेढ्या विलीनीकरणातूनच वाढल्या, असा आक्षेप येतो. 1987 मध्ये केपीएमजी आणि 1998 मध्ये प्राइसवॉटरहाउसकूपर्स अशाच बनल्या, हे खरे. पण तिथे भागीदार एकत्र आले, मोबदला घेऊन निघून गेले नाहीत. ख्याती बाळगणारी माणसे पेढीतच राहिली. अमेरिकेत सीबिझ या व्यावसायिक सेवा देणाऱ्या कंपनीने अनेक पेढ्या विकत घेतल्या, तरी ऑडिटचे काम तिथल्या परवाना-नियमांमुळे स्वतंत्र पेढीकडे ठेवावे लागले. दुसरा आक्षेप असा की जीएसटी विवरणपत्रांसारखे काम आता सॉफ्टवेअरवर चालते, त्यात माणसाचे महत्त्व काय? हा मुद्दा अर्धा मान्य करायला हवा. असे काम नव्या हाती सहज जाते, पण तितक्याच सहज तिसऱ्याकडेही जाते. नोटीस आली की फोन ज्याला केला जातो, त्याच्याकडेच खरी ख्याती असते. पहिल्या वर्षी क्लायंट सवयीने आणि अर्धवट कामांमुळे थांबतात. त्यांचा निर्णय करविवरणाच्या दुसऱ्या हंगामात कळतो. तोवर पुढची पेढी घेऊ नये.

कसोटीचा प्रसंग एकट्या सीएच्या मृत्यूनंतरच्या विक्रीचा. इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया अशी ख्याती दुसऱ्या पात्र सदस्याला विकू देते. मात्र व्यवहार मृत्यूपासून एका वर्षात पूर्ण व्हावा लागतो. ओळख करून देणारा माणूसच नसल्याने वारसांच्या हाती उरतात फायली, जुने कर्मचारी आणि सरत जाणारे महिने.