स्वस्ताईची चोपडी

माझे थोरले मामा महसूल खात्यात कारकून होते. १९३१ साली नोकरीला लागले. आमच्याकडे जेवायला आले की भाकरीचा पहिला घास घेतल्यावर ठरलेलं वाक्य यायचं, 'काय स्वस्ताई होती रे तेव्हा!' मग रुपयाला ज्वारी किती शेर मिळायची ते सांगायचे. आकडा दर खेपेला शेर-दोन शेरांनी वाढायचा. आजी वाढत असायची. सुनेच्या भावाला तोंडावर काही बोलायची रीत नव्हती, पण पुढची भाकरी मामांच्या ताटात जरा जोरात पडायची.

ती भाकरी अशी का पडायची, हे मला आजोबांच्या चोपड्या वाचल्यावर कळलं. आम्ही पूर्व खानदेशातले सोनार. सराफ नव्हे, पेढी सराफाची, आमची भट्टी. चोपड्या मोडी लिपीत आहेत आणि मोडी मला वडिलांनी शिकवली, एवढंच माझं इतिहासाचं भांडवल. सोनाराच्या चोपडीत दोन शब्द महत्त्वाचे. घडणावळ म्हणजे नवा दागिना करण्याची मजुरी. मोड म्हणजे जुना दागिना आटवायला आला ती नोंद. बऱ्या वर्षी दोन्ही बरोबरीने चालतात, कारण बाई जुने गोठ मोडून पाटल्या करते. संवत १९८८, म्हणजे १९३१च्या दिवाळीपासूनची चोपडी उघडली की पानामागून पान मोडच. घडणावळीची नोंद शोधावी लागते.

पुस्तकांत मंदीची सुरुवात ऑक्टोबर १९२९मध्ये न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात होते. आमच्याकडे ती कापसाच्या गाडीबरोबर आली. शेतमालाचे भाव जगभर आधीच ढिले पडत होते. अमेरिकेतला पैसा आटल्यावर ते कोसळले. कलकत्त्याचा घाऊक किमतींचा निर्देशांक, जुलै १९१४चे १०० धरून, १९२९ साली १४१ होता. १९३३ साली तो ८७ होता. ही सगळ्या मालाची सरासरी. शेतकरी जे विकत होता त्याचा भाव याहून जास्त पडला, जे विकत घेत होता त्याचा कमी.

त्यात रुपयाची भर. सरकारने १९२७ साली कायदा करून रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्सांवर बांधला होता. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी चलनाविषयीच्या हिल्टन यंग आयोगात बसून एक शिलिंग चार पेन्सांसाठी भिन्नमत नोंदवलं, ते बाजूला राहिलं. दोन पेन्सांनी काय होतं? रुपया महाग राहिला की परदेशी गिऱ्हाइकाला आमचा कापूस महाग पडतो, नाहीतर शेतकऱ्याला तेवढा कमी भाव घ्यावा लागतो. आणि हा दर टिकवायचा म्हणून सरकार बाजारातून पैसा ओढून घेत होतं, ऐन टंचाईत. मुंबईच्या सराफांनी हात आखडला की हुंडी थांबे, हुंडी थांबली की तालुक्याचा सावकार जुनी येणी मागायला दारात उभा राही. १९३३ साली जपानने आपल्या कापसावर बहिष्कार टाकला. आखूड धाग्याच्या आपल्या कापसाचं मोठं गिऱ्हाईक तेच. जानेवारी १९३४मध्ये करार झाला, कापसाच्या दहा लाख गाठींच्या बदल्यात जपानी कापडाला वाट, तेव्हा कुठे ते मिटलं.

सगळ्यात वाईट गोष्ट मात्र साधी होती: सारा रोख होता. रयतवारीत शेतसारा तीस-तीस वर्षांच्या बंदोबस्ताने ठरलेला, रुपयांत. समजा, वीस रुपये सारा आणि तितकंच व्याज. भाव निम्मा झाला म्हणून हे चाळीस रुपये काही वीस झाले नाहीत. तेवढेच फेडायला दुप्पट माल बाजारात न्यायचा, आणि सगळ्यांनी दुप्पट माल आणला की भाव आणखी उतरायचा. मामांच्या ताटातली स्वस्त ज्वारी ती ही. मामांवर राग नाही माझा. त्यांच्या पगारालाही दहा टक्के कात्री लागली होती, तरी त्या पगारात पूर्वीपेक्षा जास्त यायचं. पगारदाराला ती स्वस्ताई, शेतकऱ्याला मंदी, साल एकच.

मग सोनं. २१ सप्टेंबर १९३१ला इंग्लंडने सुवर्णपरिमाण सोडलं आणि रुपयाला पौंडाच्या शेपटीला बांधून ठेवलं. तोपर्यंत कायद्याने तोळ्याचा दर २१ रुपये ३ आणे १० पै होता. काही महिन्यांत तो तिशीच्या आसपास गेला. सगळं स्वस्त आणि एक सोनंच महाग, असा उफराटा बाजार. एकट्या १९३१-३२मध्ये सुमारे ५८ कोटी रुपयांचं सोनं देशाबाहेर गेलं. दशकभरात तीनशे कोटींच्या वर. तालुक्यात आटलेल्या लगडी झवेरी बाजारात, तिथून बोटीने लंडनला. सोनं बाहेर जाऊ देऊ नका, सरकारने ते विकत घ्यावं, अशी मागणी इथले व्यापारी करत होते. सरकारने ऐकलं नाही. त्या सोन्यामुळे पौंड सावरत होता.

एक गंमत सांगतो. १९२२ साली लंडनहून मुंबईला सोनं-चांदी घेऊन निघालेली 'इजिप्त' नावाची बोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धडक बसून बुडाली होती. जून १९३२मध्ये इटालियन पाणबुड्यांनी तिच्यातलं सोनं वर काढायला सुरुवात केली. मुंबईला यायचं सोनं समुद्रातून वर येत होतं, तेव्हा मुंबईचं सोनं वरच्या वर तिकडे चाललं होतं.

लोकांनी चांगला दर पाहून सोनं विकलं की नड म्हणून, यावर अभ्यासकांचा वाद आहे. आमच्या चोपडीपुरतं मी वजनावरून ठरवतो. लगडी आणि तोडे आणणारे दर बघून येत. त्यांत सावकार बरेच: पूर्वीच्या दराने गहाण ठेवलेला दागिना आता कर्जाहून महाग झालेला, आणि सोडवायला मालकाकडे पैसे नाहीत. फायदा तिथे राहिला. दुसऱ्या नोंदी बारीक: बुगड्या, चार मासे, एकदाणी, अर्धवट, पुतळ्या तीन. माळेतल्या तीनच पुतळ्या कुणी दर बघून विकत नाही. बहुतेक नोंदी साऱ्याच्या हप्त्याच्या आठवड्यातल्या आहेत, आणि सगळ्या पुरुषांच्या नावावर. दागिना बाईचा, चोपडीत ती नाही.

आजोबांनाही यात काही मिळालं नाही. आटणीला मजुरी कितीशी? कसबी काम घडणीचं, आणि घडवायला कुणी येत नव्हतं. हाताखालचे दोन कारागीर मुंबईला गेले. पण तिथे गिरण्याच बंद पडत होत्या, उरलेल्यांत पगार कापले जात होते. एप्रिल १९३४मध्ये गिरणगावात मोठा संप झाला. त्या दोन कारागिरांतला एक परत आला, एक आला नाही. झारेकरी वर्षातून दोनदा दुकानाचा केर विकत घेऊन धुवायचा, त्यानेही यायचं सोडलं. आटणीच्या केरात त्याला काय मिळणार. कण पडतो तो कानशीने घासताना.

कायदे यथावकाश आले. मध्य प्रांतात कर्जतडजोडीचा कायदा १९३३ साली झाला, मुंबई इलाख्यात शेतकरी कर्जनिवारणाचा १९३९ साली, म्हणजे दुसऱ्या युद्धाने भाव पुन्हा वर न्यायच्या बेताला. मधे डिसेंबर १९३६मध्ये आमच्याच जिल्ह्यात, फैजपूरला, काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं आणि सारा-कर्ज यांवर ठराव झाले. आजोबा पायी गेले होते. नेहरू लांबून दिसले, धूळ फार होती, इतकंच त्यांनी घरी सांगितलं.

आजी मात्र एकदा बोलली, मामांच्या माघारी. मंगळसूत्राच्या वाट्या आल्या तर आजोबा बाईसमोर आटवत नसत. ओट्यावर ती पाठमोरी बसायची. आजोबा दोरा कापून वाट्या वेगळ्या करत, आतली लाख काढून वजन करत, आणि काळे मणी कागदाच्या पुडीत बांधून परत देत. हळकुंड ओवून घालायला तेवढे पुरतात. काही जणी पुडी न घेताच उठून जात. तशा पुड्या आजोबांनी टाकल्या नाहीत, एका पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. वडिलांनीही टाकल्या नाहीत. लहानपणी आम्ही भावंडं त्या मण्यांनी खेळायचो. डबा वाजवला की आजी आतून ओरडायची, 'ठेवा तो जागेवर!'