अंतराळपटांतील वेशभूषा

अंतराळपटांतील वेशभूषा : पृथ्वीबाहेरील प्रवास, परग्रहांवरील वस्ती अथवा भावी काळातील अंतराळसेना यांचे चित्रण करणाऱ्या चित्रपटांसाठी योजिलेले पोशाख, गणवेश व शिरस्त्राणे. या विषयावरील लेखनात आकार व रंग यांची चर्चा पुष्कळ होते, परंतु पोशाख बेतला कसा, अंगात चढला कसा आणि बंद कोठे झाला, या शिंप्याच्या मूळ प्रश्नांकडे सहसा कोणी वळत नाही. म्हणून या नोंदीत शिलाईच्या अंगाला अधिक जागा दिली आहे.

पूर्वेतिहास : जॉर्ज मेलिएस याच्या 1902 च्या चंद्रयात्रेवरील मूकपटातील पंडित कोट, उंच टोप्या व छत्र्या घेऊन चंद्रावर उतरतात. फ्रिट्झ लांग याने 1929 च्या चित्रपटासाठी हेर्मान ओबेर्थ या अग्निबाणतज्ज्ञाचा सल्ला घेतला, तरी चंद्रावर हवा असल्याचे गृहीत धरल्यामुळे तेथील माणसे लोकरी बंड्यांतच वावरली. ‘डेस्टिनेशन मून’ (1950) मध्ये प्रत्येक प्रवाशाच्या पोशाखाला वेगळा रंग देण्यात आला, कारण शिरस्त्राण चढविल्यावर चेहरा ओळखू येत नाही. पुढे ‘2001 : अ स्पेस ओडिसी’ (1968) मध्येही हीच तजवीज दिसते. या दुसऱ्या चित्रपटाचे पोशाख इंग्लंडच्या राणीचे कपडे करणाऱ्या हार्डी एमिस याने केले. ‘फॉरबिडन प्लॅनेट’ (1956) साठी शिवलेले गणवेश दोनच वर्षांत दुसऱ्या चित्रपटातील माणसांच्या अंगावर दिसले.

कापड : ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेत (1966) विल्यम थाइस याने हुद्द्यांऐवजी खात्यांनुसार सदऱ्यांचे रंग ठरविले. कप्तानाचा जो सदरा प्रेक्षकांनी सोनेरी म्हणून ओळखला, तो प्रत्यक्षात हिरवट होता. दिव्यांच्या उजेडात व फिल्मवर त्याचा रंग पालटत असे. त्याचे मखमलीसारखे व्हेलूर कापड धुलाईत आटू लागल्याने पुढे ते सोडून विणीचे दुसरे कापड घ्यावे लागले. कापड आधी भिजवून मगच बेतावे, हे पेठेतल्या कोणत्याही शिंप्याचे सांगणे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

अंतराळपोशाखाच्या रुपेरी रंगाचा संकेत अमेरिकेच्या ‘मर्क्युरी’ या अंतराळमोहिमेच्या ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या नायलॉनच्या पोशाखांनी दृढ केला. चंद्रावर गेलेल्या अपोलो यात्रींचे पोशाख मात्र स्त्रियांची अंतर्वस्त्रे करणाऱ्या प्लेटेक्सच्या मूळ कंपनीत, शिवणयंत्रावर बसणाऱ्या कारागीर स्त्रियांनी शिवले. एखादी टाचणी थरांत राहून जाऊ नये म्हणून या पोशाखांची क्ष-किरणांनी तपासणी होत असे. चंद्रावर पडलेल्या पहिल्या मानवी पावलामागे या स्त्रियांच्या टिपेचा भरवसा होता आणि चित्रपटांच्या इतिहासकारांनी त्यांची अधिक दखल घ्यावयास हवी होती.

बंद व गुंड्या : दिग्दर्शक तार्कोव्हस्की याच्या ‘सोलारिस’ (1972) मधील नायिकेचा पोशाख नेली फोमिना हिने केला. पाठीवर नाडी ओवलेली दिसते, पण ती सोडवू जाता पोशाखाला उघडण्याची जागाच नाही असे आढळते आणि अखेर नायकाला कात्री घ्यावी लागते. ती स्त्री माणूस नसून कोणाच्या तरी स्मृतीतून घडली आहे, ही गोष्ट एका न उघडणाऱ्या नाडीने जितकी कळते, तितकी संवादाने कळली नसती. या साऱ्या प्रकारात याहून सूक्ष्म कारागिरी प्रस्तुत नोंदकाराने पाहिलेली नाही.

जॉन मोलो व भानू अथय्या : ‘स्टार वॉर्स’ (1977) चा वेशभूषाकार जॉन मोलो (1931–2017) हा मूळचा लष्करी गणवेशांचा अभ्यासक. गुंड्या व चेन शक्यतो दिसू नयेत, असा दिग्दर्शक जॉर्ज लुकस याचा आग्रह होता, कारण परिचित बंद दिसताच प्रेक्षक पृथ्वीवर परततो. मोलोने चित्रपटातील साम्राज्याच्या अधिकाऱ्यांना जुन्या जर्मन लष्कराच्या धर्तीचे कोट दिले आणि पदकांऐवजी छातीवर रंगीत चौकोनांची पट्टी लावून हुद्दा दाखविला. शिपायांचे पांढरे कवच तापविलेले प्लास्टिक साच्यावर ओढून केले होते. शिरस्त्राणाचे श्रेय कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. ते शिल्प ठरत नाही, एवढा निर्णय ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये दिला.

या चित्रपटासाठी 1978 मध्ये ऑस्कर मिळविणाऱ्या मोलोने पाच वर्षांनी तोच सन्मान ‘गांधी’ या चित्रपटासाठी पुन्हा स्वीकारला, आणि या वेळी त्याच्याबरोबर मानकरी होत्या कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये, म्हणजेच भानू अथय्या (1929–2020). अण्णासाहेब राजोपाध्ये या चित्रकाराची ही कन्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची विद्यार्थिनी आणि ऑस्कर मिळविणारी पहिली भारतीय व्यक्ती. ब्रिटिशांचे लष्करी गणवेश मोलोकडे आणि भारतीयांचे पोशाख अथय्यांकडे, अशी विभागणी सर्वसाधारणपणे सांगितली जाते. ज्या हाताने काल्पनिक साम्राज्याला गणवेश चढविला, त्याच हाताने खऱ्या साम्राज्यालाही चढविला, आणि समोर खादी उभी करणारा हात कोल्हापूरचा होता, ही घटना मराठी वाचकांना यापूर्वीच ठाऊक व्हावयास हवी होती.

भारतीय अंतराळपट : दारासिंग यांचा ‘चाँद पर चढाई’ (1967) हा आरंभीचा उल्लेखनीय हिंदी चित्रपट. केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ ही मालिका 1998 ची. मूळच्या नागपूरच्या आरती कडव यांचा ‘कार्गो’ 2019 चा. 24 सप्टेंबर 2014 रोजी मंगळयान कक्षेत पोहोचल्यावर काठपदराच्या साड्या नेसून आनंद व्यक्त करणाऱ्या इस्रोतील स्त्रियांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि ‘मिशन मंगल’ (2019) ने साडीला पडद्यावर स्थान दिले.

उल्हासनगर : पडद्यावरचा असा पोशाख आपल्याकडे शिवून घ्यावयाचा, तर कापड व शिलाई यांसाठी या शहराकडे वळता येते. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाली व 8 ऑगस्ट 1949 रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. शहराच्या पाच भागांना अजूनही ‘कॅम्प’ म्हणतात. जीन्सच्या शिलाईसाठी हे शहर प्रसिद्ध असून शहाडला कृत्रिम रेशमाची गिरणी आहे. कॅम्प 2 मधील गजानन मार्केट हा कापडाचा मोठा बाजार. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी अंतराळवीराचा पोशाख शिवावयाचा, तर चकचकीत रुपेरी कापड, आत सुती अस्तर, कोपर व गुडघ्यांवर पट्ट्या आणि छातीवर तिरंगा एवढे पुरते. चेन मात्र पाठीऐवजी पुढे, गळ्यापासून कमरेखालपर्यंत लावणे इष्ट, कारण रंगमंचामागे ऐन वेळी मुलाला लघवीला नेण्याचा प्रसंग येतो आणि तेव्हा तो पोशाख त्याच्या हाताने उघडला पाहिजे.