भारतीय खेळांतील उत्तेजके आणि चाचण्या

भारतातील उत्तेजकसेवनाची मोठी प्रकरणे सुरुवातीला वेटलिफ्टिंगमध्ये उघडकीस आली. 2002 च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत मदसामी आणि सतीश राय यांना जिंकलेली पदके गमवावी लागली. 2004 मध्ये अथेन्स ऑलिंपिकला सानामाचा चानू आणि प्रतिमा कुमारी, तर 2006 मध्ये मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आणखी दोघे दोषी आढळले. 2009 मध्ये एकदम सहा वेटलिफ्टर सापडले आणि राष्ट्रीय महासंघाला 5 लाख डॉलरचा दंड झाला. चाचणीची यंत्रणाही निर्दोष नव्हती. 2002 च्या बुसान आशियाई स्पर्धेत धावपटू सुनीता राणी हिची पदके काढून घेतली गेली. प्रयोगशाळेच्या कामातील त्रुटी समोर आल्यावर ती तिला परत मिळाली.

तोवर पकडले जाणारे बहुतेक परदेशातील स्पर्धांत पकडले जात. देशांतर्गत तपासणीसाठी 2005 मध्ये राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे ‘नाडा’, स्थापन झाली. प्रत्यक्ष काम 2009 पासून सुरू झाले. दिल्लीच्या प्रयोगशाळेला जागतिक संस्था ‘वाडा’ची मान्यता 2008 मध्ये मिळाली होती.

या यंत्रणेला पहिला मोठा हादरा 2011 मध्ये बसला. आदल्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत 4 × 400 मीटर रिलेचे सुवर्ण जिंकणाऱ्या संघातील मनदीप कौर, सिनी जोस आणि अश्विनी अक्कुंजी स्टेरॉइडच्या चाचणीत अडकल्या. पूरक आहारातून द्रव्य नकळत पोटात गेले, असा त्यांचा बचाव होता. त्यांना झालेली एक वर्षाची बंदी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने पुढे दोन वर्षांची केली. दूषित पूरकांचे कारण त्यानंतर जवळपास प्रत्येक प्रकरणात पुढे आले. काही वेळा ते खरेही असते, पण आपल्या शरीरात काय जाते याची जबाबदारी नियमाने खेळाडूवरच टाकलेली आहे. महाराष्ट्र केसरी कुस्तीगीर नरसिंग यादवला 2016 मध्ये हाच नियम भोवला. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी द्रव्य मिसळले, हे त्याचे म्हणणे ‘नाडा’ने मान्य केले, क्रीडा लवादाने मात्र रिओ ऑलिंपिकच्या वेळी चार वर्षांची बंदी घातली.

आकड्यांत ॲथलेटिक्स, वेटलिफ्टिंग आणि कुस्ती हे ताकदीचे खेळ सतत पुढे दिसतात. ‘वाडा’च्या 2013, 2014 आणि 2015 च्या अहवालांत नियमभंगांच्या संख्येत भारत तिसरा होता. यामागे पदकाची हाव आहेच, पण पोलीस, रेल्वे आणि लष्करातील खेळाडू कोट्याची नोकरीही आहे. राज्य पातळीवरचे एखादे पदक घरच्या उत्पन्नाची सोय लावू शकते, आणि नेमक्या त्याच पातळीवर चाचणी विरळ असते. 2023 मध्ये दिल्लीतील एका ॲथलेटिक्स स्पर्धेत चाचणी अधिकारी आल्याचे कळताच बरेच खेळाडू निघून गेले; 100 मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच जण धावला.

क्रिकेट मंडळाने ‘नाडा’चे अधिकार मान्य करायला 2019 उजाडले. मुंबईचा पृथ्वी शॉ खोकल्याच्या औषधातील टर्ब्युटालिनमुळे दोषी ठरून आठ महिन्यांच्या बंदीस पात्र ठरला, ते प्रकरण त्याच काळातले. त्याच वर्षी ‘वाडा’ने दिल्लीच्या प्रयोगशाळेची मान्यता निलंबित केली, ती 2021 च्या अखेरीस परत मिळाली. 2022 मध्ये संसदेने उत्तेजकविरोधी कायदा केला.

चाचण्या वाढल्या म्हणून दोषी वाढले, हे समर्थन अर्धेच खरे आहे. 2022 मध्ये 3,865 नमुन्यांपैकी 125 दोषी निघाले, तर 2024 मध्ये 7,113 पैकी 260. चाचण्या जवळपास दुप्पट झाल्या तरी दोषींचे प्रमाण घटले नाही. त्याच 2024 मध्ये चीनने 24 हजारांहून अधिक नमुने तपासले आणि दोषी निघाले 43.