समुद्रावरील बिनतारी हाक

समुद्रांत संकट आलें असतां पूर्वीच्या नावाड्यास निशाण फडकविणें किंवा जाळ करणें एवढेंच शक्य असे. कोणी पाहिलें तर मदत, नाहीं तर नाहीं. हें बंधन प्रथम १८९९ सालीं तुटलें. इंग्लंडनजीक गुडविन नांवाच्या वाळूच्या पट्ट्यापाशीं उभ्या असलेल्या दीपनौकेवर मार्कोनीचें बिनतारी यंत्र होतें. एक जहाज त्या वाळूंत रुतलें, तेव्हां दीपनौकेनें किनाऱ्यावर संदेश धाडला आणि जीवरक्षक नौका निघाली.

परंतु यंत्र असणें निराळें आणि त्याचा उपयोग होणें निराळें. १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं ‘टायटॅनिक’ मदत मागूं लागली, तेव्हां ‘कॅलिफोर्नियन’ ही आगबोट जवळच उभी होती. तिच्यावरही यंत्र होतें. पण तें चालविणारा एकुलता एक माणूस झोपला होता. ‘कार्पेथिया’ ५८ मैलांवरून धांवत आली, तोंवर सुमारें १५०० माणसें गेलीं होतीं. १९१४ च्या लंडन येथील करारांत मोठ्या उतारू जहाजांवर अष्टौप्रहर ऐकत राहण्याचें कलम आलें, तें या धड्यामुळेंच.

लहान बोटी मात्र या व्यवस्थेबाहेर राहिल्या. मॉर्सची लिपी जाणणारा पगारी माणूस त्यांस कोठून परवडणार? बोलका रेडिओ आला आणि ही अडचण सरली. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेनें तोंडी हाकेसाठीं ‘मे-डे’ हा शब्द मान्य केला. ‘मला साह्य करा’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांच्या उच्चारावरून तो बनला आहे.

तरीही १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेल्या ‘रामदास’ बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. सकाळीं बोट बुडाली. मुंबईस वार्ता कळली ती कित्येक तासांनीं. कोळ्यांनीं मचव्यांतून कांहीं जीव वांचविले, पण सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं.

आज लहान होडीसही व्ही. एच्. एफ्. रेडिओ परवडतो. हातांतल्या यंत्राची शक्ति पांचसहा वॅट, होडीस जडविलेल्याची २५ वॅट. पण शक्ति पांचपट म्हणून पल्ला पांचपट होत नाहीं. या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात, म्हणून एरिअल जितकी उंच तितकी हाक लांब पोहोंचते. जडविलेलें यंत्र घ्यावें, त्याची एरिअल डोलकाठीवर चढवावी, आणि होडीची बॅटरी पाण्याखालीं गेल्यास उपयोगी पडावें म्हणून हातांतलें यंत्रही जवळ असावें. १९९९ पासून पूर्णपणें अंमलांत आलेल्या जागतिक योजनेस अनुसरून बनविलेल्या यंत्रांवर संकटाची कळ असते. उपग्रहांवरून स्थान सांगणारें साधन जोडलें असल्यास ती कळ दाबतांच होडीची ओळख व ठिकाण आपोआप कळविलें जातें.

त्यानंतर १६ क्रमांकाच्या वाहिनीवर ‘मे-डे’ तीनदां म्हणावें. होडीचें नांव, ठिकाण, संकट आणि माणसांची संख्या सांगावी. मग बोलण्याची कळ सोडावी. ती दाबलेली असतां उत्तर ऐकूं येत नाहीं. हा क्रम होडीवरील प्रत्येकास ठाऊक असावा. आणि आपण सुखरूप असलों तरी ती वाहिनी ऐकत राहावें. दुसऱ्याच्या हाकेला सर्वांत जवळचा कान कदाचित् आपलाच असेल.