मंजिरी खुडावी की ठेवावी? तुळशीच्या बारमाही जोपासनेविषयी

तुळस हे एका वर्षात संपणारे रोप नव्हे. वनस्पतिशास्त्रात ऑसिमम टेन्युइफ्लोरम या नावाने ओळखली जाणारी ही सुगंधी वनस्पती पुदिन्याच्या कुळातली, भारतीय उपखंडातली मूळची आणि बहुवर्षायू आहे. तिचे खोड बुडाशी लाकडासारखे कठीण होते आणि नीट सांभाळल्यास ती तीन-चार वर्षे सहज जगते. तरीही आपल्या राज्यातील कितीतरी वृंदावनांत व्हडली दिवाळी आटोपली की पुढच्या दोन-तीन महिन्यांत नुसत्या काटक्या उरतात, आणि पहिल्या पावसाबरोबर बाजारातून नवे रोप आणले जाते. हे दरवर्षीचे मरण आपण अटळ मानून घेतले आहे. ते अटळ नाही, आणि त्याचे एक मोठे कारण मंजिरीत आहे.

फुलोरा येऊन बी धरू लागले की तुळशीची शक्ती पानांकडून बियांकडे वळते. नवी पाने लहान होत जातात, फांद्या खालून उघड्या पडतात, खोड वाळू लागते. शेंडा खुडला तर पानांच्या बेचक्यांतून दोन-दोन नवे फुटवे येतात आणि झाड पुन्हा भरते. जुन्या बायका मंजिरीला तुळशीच्या डोक्यावरचा भार म्हणत, त्यात झाडाची अचूक पारख होती. परंतु हीच मंजिरी मधमाश्यांचे अन्नही आहे. झाडाचे आयुष्य वाढवावे तर माश्यांच्या तोंडचा घास जातो, आणि माश्यांसाठी ठेवावी तर झाड लवकर म्हातारे होते.

या पेचाचे एक घरगुती उत्तर मला हैदराबादेत, नल्लकुंट्यात पाहायला मिळाले. तेलुगूत नल्ल म्हणजे काळे आणि कुंट म्हणजे लहान तळे. आज मात्र तिथे दाटीवाटीच्या इमारती आणि गजबजलेला भाजीबाजार आहे. काचिगुडा स्थानक इथून जवळच. मराठवाड्याचे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे या शहरात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. माझी मावशी अशाच एका घरात लग्न होऊन गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या गच्चीत एकच तुळस चार वर्षे टिकून होती, खोड अंगठ्याएवढे जाड. रोज सकाळी पाणी घालताना ती दिसेल ती मंजिरी खुडायची. शेजारच्या तेलुगू बाईंच्या तुलसी कोटेत, म्हणजे वृंदावनात, याच्या उलट चित्र होते. तिथली तुळस मंजिऱ्यांनी लवलेली, भोवती माश्यांची सतत गुणगुण, आणि रोप मात्र दरवर्षी नवे.

मावशीच्या गच्चीत रंगाच्या जुन्या डब्यांत वांगी होती. फुले भरपूर, फळ क्वचित. "अगं, त्यांच्याकडे माश्या येतात आणि माझ्याकडे फिरकतसुद्धा नाहीत," ही तिची तक्रार. कारण तिच्या हातातच होते, पण ते तिला सांगणे सोपे नव्हते. अखेर तिने एकाच्या तीन कुंड्या केल्या. एक पूजेची, तिची मंजिरी पूर्वीप्रमाणे कळीतच खुडायची. उरलेल्या दोन आळीपाळीने फुलू द्यायच्या: एक फुलात असेल तेव्हा दुसरी छाटलेली. छाटणीनंतर सुमारे महिनाभराने पुन्हा फुलोरा येतो, त्यामुळे गच्चीत एक तरी तुळस कायम फुललेली राहते आणि कोणतीही एक सततच्या बीजधारणेने थकत नाही.

पुढे वांगी धरू लागली असे मावशी सांगते. त्याचे सगळे श्रेय तुळशीला देणे बरोबर होणार नाही. वांग्याची आखूड कुक्षिवृंताची फुले तशीही गळतात, आणि उन्हाचा व पाण्याचा ताणही त्यात असतोच. पण संबंध खरा आहे. वांग्याच्या परागकोशांना टोकाशी बारीक छिद्रे असतात आणि पराग बाहेर पडण्यासाठी फूल जोराने थरथरावे लागते. हे काम मधमाशीला जमत नाही. ते करते निळ्या पट्ट्यांची एकांडी माशी, जी पोळे न बांधता मातीत किंवा मातीच्या भिंतीत घर करते. तुळशीच्या मधुरसासाठी ती नेमाने येते. आगशीची वांगी पिकवणाऱ्या आपल्या राज्यात परसातल्या वांग्याशेजारी फुलती तुळस ठेवून पाहायला काहीच हरकत नाही.

तुळशीचे फूल जेमतेम तीन-चार मिलिमीटरचे, पांढरट जांभळे. दांड्यावर सहा-सहा फुलांची वलये एकावर एक रचलेली असतात आणि ती खालून वर उमलत जातात. चार पुंकेसर खालच्या ओठावर टेकलेले असल्याने रस घ्यायला बसलेल्या माशीच्या पोटाला पराग लागतो. सातेरी आणि फुलोरी या मधमाश्या, डंख नसलेली इवलीशी काळी माशी आणि काही लहान फुलपाखरेही या फुलांवर दिसतात. गर्दी सकाळच्या उन्हात असते.

ही रचना लक्षात घेतली तर ज्यांच्याकडे एकच कुंडी आहे त्यांच्यासाठीही मार्ग निघतो. मंजिरी कळीत असताना खुडू नये आणि पूर्ण वाळेपर्यंतही ठेवू नये. खालची वलये तपकिरी होऊ लागली आणि शेंड्याला शेवटची काही फुले उरली, की तिच्याखालच्या पानांच्या एका जोडीसह ती कापावी. तोवर माश्यांना मिळायचे ते बहुतेक मिळालेले असते आणि बियांचा भार अजून पुरता पडलेला नसतो. नखाने ओढून तोडल्यास साल सोलवटते, म्हणून लहान कात्री वापरावी.

लागवड अवघड नाही. बी इतके बारीक असते की एका चिमटीत शेकडो येतात. ते मातीवर विखरून वर बारीक मातीचा अगदी पातळ थर द्यावा. खोल गेले तर उगवत नाही. उबदार हवेत आठ ते बारा दिवसांत अंकुर दिसतात. याहून खात्रीचा उपाय म्हणजे फांदी. फूल न आलेली, चार ते सहा इंचांची कोवळी फांदी खालची पाने काढून ओल्या वाळूत किंवा पाण्याच्या पेल्यात ठेवली की दोन-तीन आठवड्यांत मुळे फुटतात. पिढ्यान्‌पिढ्या घरात असलेली तुळस जशीच्या तशी राखायची असेल तर फांदीच लावावी.

कुंडी दहा-बारा इंचांची, खाली भोक असलेली. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग जाडी वाळू एवढे मिश्रण पुरते. पाच-सहा तास ऊन हवे. पाणी मात्र प्रदेश पाहून द्यावे लागते. हैदराबादेत वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. तिथे दुपारची सावली आणि दोन्ही वेळचे पाणी यांवर तुळस तरते. आपल्याकडे पणजीत पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात. इथली तुळस तहानेने कमी आणि मुळे कुजून अधिक मरते. सिमेंटच्या वृंदावनाला तळाशी पाणी जायला वाट नसेल तर आषाढात ते हौदच होते. तुलसी लग्नाआधी वृंदावनाला रंग काढतो, त्याच वेळी वरची चार-पाच इंच जुनी माती काढून नवी भरावी. कित्येक वृंदावनांत ही माती वर्षानुवर्षे बदललेली नसते. रंगाचे ओघळ आत जाऊ देऊ नयेत. लग्न झाल्यावर, मार्गशीर्षात, झाड वरून तिसरा हिस्सा छाटावे. कोवळी हिरवी वाढ राहील एवढी काळजी घ्यावी, कारण नुसत्या लाकडी खोडावर पालवी फुटेलच असे नाही.

पावसाळा हा मधमाश्यांच्या टंचाईचा काळ. मोठ्या सरींत फुले धुऊन जातात, म्हणून एक फुलती कुंडी पडवीत किंवा पागोळीच्या आत ठेवली तर उघडीप मिळताच माश्या तिच्यावर येतात.

पूजेतल्या काही सवयींविषयीही बोलले पाहिजे. समई किंवा पणती खोडाला लागून ठेवल्यास साल होरपळते. दुधाने माती आंबते. अक्षता आणि साखरेच्या दाण्यांवर मुंग्या येतात, आणि मुंग्यांमागोमाग पिठ्या ढेकूण. या किडीच्या गोड स्रावासाठी मुंग्या तिला जपतात आणि एका फांदीवरून दुसरीवर नेतात. हळदकुंकू वृंदावनाच्या भिंतीला लावावे, मातीत सोडू नये. भक्तीत याने काही उणे होत नाही. उलट द्वादशीला, रविवारी किंवा सूर्यास्तानंतर पाने न तोडण्याचा रिवाज झाडाला विश्रांती देणाराच आहे.

पिठ्या ढेकूण किंवा पानांना तपकिरी ठिपके पाडणारे जाळीदार पंखांचे ढेकूण दिसले तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारावा. तेवढ्याने भागले नाही तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थेंबभर साबणद्रव मिसळून, सूर्यास्ताच्या सुमारास, फुले टाळून फवारावे. रासायनिक कीटकनाशक तुळशीवर वापरूच नये. तिची पाने आपण खातो आणि फुलांवर माश्या असतात.

तुळशीने डास पळतात, ही समजूत नल्लकुंट्यातही आहे आणि आपल्याकडेही. पानांतील युजेनॉलयुक्त तेलाला डासविरोधी गुण आहे हे खरे. परंतु नुसते रोप खिडकीत ठेवल्याने डास दूर राहतात असे मानणे धोक्याचे आहे. नल्लकुंट्यातल्या सरकारी फीव्हर हॉस्पिटलला सर रोनाल्ड रॉस यांचे नाव आहे. याच रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला. डेंगीचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते. कुंडीखालच्या बशीत साचलेले पाणी त्याला पुरते. बशी ठेवूच नये. ठेवायचीच असेल तर आठवड्यातून किमान एकदा रिकामी करून घासावी.

रोप घेताना नाव विचारण्यापेक्षा पान चुरून वास घ्यावा. हिरव्या पानांची ती राम तुळस, जांभळट झाकेची ती कृष्ण तुळस. दोन्ही एकाच जातीच्या आणि दोन्हींना लवंगेसारखा तिखट गंध. रोपवाटिकांत पुष्कळदा मिळते ती राखाडी, लवदार पानांची कापूर तुळस मूळची पूर्व आफ्रिकेतली. ती काटक आहे, माश्यांनाही प्रिय आहे, पण आपली वृंदावनातली तुळस ती नव्हे. सबजा ही आणखी वेगळी जात. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, जिचे एक केंद्र हैदराबादजवळ बोडुप्पल येथे आहे, सिम-आयु हा अधिक युजेनॉलचा वाण तेलासाठी विकसित केला आहे. घरच्या कुंडीला त्याची गरज नाही.

बी राखायचे असेल तर वर्षातून एकदाच, सर्वांत जोमदार झाडाच्या दोन-तीन मंजिऱ्या पूर्ण वाळू द्याव्यात. कोरड्या दिवशी त्या कापून कागदावर चोळल्या की प्रत्येक पुष्पकोशातून चारपर्यंत बारीक दाणे निघतात. ते कागदाच्या पुडीत, तारीख लिहून, कोरड्या जागी ठेवावेत आणि पुढच्या ज्येष्ठात पेरावेत.